चिलापीचे नाव

खाद्यसंस्कृती हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’सारख्या पुस्तकाने स्वयंपाकघराकडे विदग्ध नजरेने पाहण्याची वाट मराठी वाचकाला दाखवून दिली. पुढे दिवाळी अंकांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत खाण्यावर विपुल लेखन झाले. पण घराबाहेर जाऊन खाणे, म्हणजे अनोळखी माणसाने रांधलेले अन्न पैसे मोजून, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खाणे, हा अनुभव ‘कुठे काय चांगले मिळते’ या माहितीपलीकडे आपण क्वचितच नेतो. वस्तुतः भोजनगृह ही एक वाचता येण्याजोगी संहिता आहे. पाटीवर कोणते शब्द आहेत, कोणते गाळले आहेत, कोणता पदार्थ कोणत्या नावाने ताटात येतो, यांतून त्या समाजाचे स्वतःविषयीचे आकलन उघड होत असते.

असे वाचन पाश्चात्त्य समीक्षेने फार पूर्वी केले आहे. रोलाँ बार्थ यांचे जपानवरचे ‘चिन्हांचे साम्राज्य’ हे पुस्तक १९७० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली भोजनावरची प्रकरणे साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावीत अशी आहेत. जपानी जेवणाचा तबक त्यांना चित्रासारखा दिसतो, आणि खाणारा आपल्या निवडीच्या क्रमाने ते चित्र मोडत जातो. काड्या त्यांना सुरी-काट्याच्या विरुद्ध टोकाच्या वाटतात, कारण त्या अन्नाला भोसकत नाहीत, उचलतात. बार्थ यांचा जपान बराचसा त्यांच्या कल्पनेतला आहे, आणि ते तसे कबूलही करतात. तरी जेवणाच्या ताटाला त्यांनी दिलेले गांभीर्य आपण आपल्या परिसरातल्या ताटाला का देत नाही, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखातला परिसर उजनी धरणाच्या काठचा आहे. तिथल्या माशाच्या ताटाकडे पाहण्यासाठी आधी थोडे सुशीकडे पाहणे सोयीचे होईल.

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. ती चुकीची आहे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात; सुशी या शब्दाचा मूळ संबंध आंबटपणाशी आहे. सुशीचे जुने रूप म्हणजे मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून आंबवणे. भात हे तिथे मासा टिकवण्याचे साधन होते. या प्राचीन पद्धतीचा आजही जिवंत असलेला नमुना म्हणजे क्योतोजवळच्या बिवा सरोवराकाठची ‘फुनाझुशी’. ती समुद्रातल्या माशाची नसून सरोवरातल्या, गोड्या पाण्यातल्या ‘निगोरोबुना’ या माशाची असते. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली आज सर्वत्र दिसणारी सुशी त्यामानाने अर्वाचीन. ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडो, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये, रस्त्यावरचे झटपट खाणे म्हणून लोकप्रिय झाली. फिरत्या पट्ट्यावरून बशा नेणारे पहिले दुकान ओसाकात १९५८ साली निघाले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मोरिमोतो यांच्या नावाचे ‘वसाबी’ २००४ साली सुरू झाले. आता पुण्यातही सुशी सहज मिळते, आणि करमाळा-माढ्याहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलामुलींना तो शब्द नवा राहिलेला नाही.

रस्त्यावरचे एक स्वस्त खाणे जगभरच्या महागड्या भोजनगृहांत कसे जाऊन बसले? चव, स्वच्छता, कौशल्य ही कारणे आहेतच. पण माझ्या मते सुशीची प्रतिष्ठा ही चवीइतकीच भाषेची कमाई आहे. चांगल्या सुशीगृहात ‘मासा’ कधीच मिळत नाही. तिथे प्रत्येक माशाला नाव असते, आणि एकाच माशाच्या पोटाकडच्या व पाठीकडच्या भागालाही वेगळे नाव असते. ज्या काळात जिन्नस ऐन चवीला येतो त्या काळाला जपानीत ‘शून’ असा स्वतंत्र शब्द आहे. खाणारा रांधणाऱ्याच्या समोर बसतो आणि ‘आज काय आहे, कुठले आहे’ असे विचारतो; तसे विचारणे अगोचरपणा ठरत नाही. थोडक्यात, तिथल्या जेवणाबरोबर त्याचे वर्णनही येते, आणि गिऱ्हाईक त्या वर्णनाचेही पैसे मोजते.

आता उजनीकडे वळू. भीमेवरचे हे धरण माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाचे अधिकृत नाव यशवंतसागर. एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त आणि उरलेले जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा. निम्म्याहून अधिक पाणी ‘मृत’ गणले जाणारे हे धरण मासेमारीच्या दृष्टीने मात्र त्यामुळेच जिवंत राहते. कारण कागदावर साठा शून्यावर आला तरी जलाशय आटत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचले होते. तेव्हाही पात्रात तीसएक टीएमसी पाणी होते आणि जाळी पडत होती. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण, इंदापूर ते टेंभुर्णी या पट्ट्यात माशांची जी हॉटेले उभी आहेत, त्यांचा आधार हे पाणी आहे. पलीकडच्या काठाला सोलापूर जिल्ह्यातली केतूर, कुगाव, चिखलठाण, वांगी, कंदर ही करमाळा तालुक्यातली गावे. यांपैकी कितीतरी गावांचे जुने गावठाण पाण्याखाली आहे. आज आपण ज्याला गाव म्हणतो ते सरकलेले, पुन्हा वसवलेले गाव आहे.

या हॉटेलांतले ताट आता सर्वपरिचित झाले आहे. तव्यावर तळलेला मासा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा तिखट रस्सा, ज्वारीची नाही तर बाजरीची भाकरी, भात, कांदा आणि लिंबू. हे ताट कोकणातले नाही. त्यात ओल्या नारळाचा मवाळपणा नाही, कोकमाचा आंबटपणा नाही. देशावरच्या मटणाच्या रश्श्याची सगळी रीत माशाला लावून हे नवे ताट सिद्ध झाले आहे. धरणाच्या पाण्याने आणि महामार्गाच्या रहदारीने मिळून घडवलेली ही पाककृती जेमतेम दोन पिढ्यांची आहे. ‘आधुनिक’ हे विशेषण आपण ज्या सहजतेने सुशीगृहाला लावतो, त्याच सहजतेने ते या हॉटेलालाही लावले पाहिजे. तरी आपण तिथे शिरताना ‘अस्सल गावरान’ असे काहीतरी जुने खायला निघालो आहोत, अशी समजूत करून घेतो. ही समजूत खाणाऱ्याला सुखावते आणि ताटामागचा इतिहास झाकते.

त्या ताटातला मासा बहुतेक वेळा चिलापी असतो. ‘टिलापिया’ या शब्दाचे हे मराठी रूप इतके अंगवळणी पडले आहे की तो शब्द परका वाटतही नाही. मासा मात्र आफ्रिकेतला. भारतात तो प्रथम १९५२ साली आणला गेला. धरणाच्या साचलेल्या पाण्यात तो का माजला, याचे कारण त्याच्या वीणीत आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यातल्या वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी घालतात. जलाशयात त्यांचे बीज माणसाने सोडावे लागते. चिलापीला प्रवाहाची गरज नाही. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि कमी प्राणवायूच्या गढूळ पाण्यातही तग धरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेच्या वाटेने ज्या जलाशयात येते, त्या जलाशयाला हाच मासा मानवणार, हे उघड आहे. चिलापी ताटात येते तेव्हा धरण, महानगर आणि शासकीय मत्स्यधोरण या तिन्हींचा इतिहास तिच्याबरोबर येतो.

इथे आपल्या ‘देशी’ या संकल्पनेचीही परीक्षा होते. चिलापी आफ्रिकेची. कटला आणि रोहू मूळचे उत्तरेच्या, गंगेच्या खोऱ्यातले. तळे तर माणसाने केलेले. मग या ताटात देशी काय? भाकरी, वाटण, आणि पाण्यावर पोट असलेली माणसे. देशीपणा मुळाच्या शुद्धतेत शोधला तर उजनीकाठी हाती काही लागणार नाही. तो आलेल्या गोष्टीला आपलेसे करण्याच्या रीतीत शोधावा लागेल. ‘चिलापी’ हा शब्द त्या रीतीचा पुरावा आहे. तो कोणत्याही कोशकाराने किंवा परिभाषा समितीने घडवलेला नाही.

याच माशाचे दुसरे नाव कळले की विषय अधिक रंजक होतो. सुशीच्या व्यवहारात टिलापिया ‘इझुमिदाई’ या नावाने वावरतो. ‘ताई’ हा जपानी संस्कृतीत शुभ मानलेला, मोठ्या मानाचा समुद्रमासा. त्याच्या पांढऱ्या मांसाशी साम्य असल्यामुळे स्वस्त टिलापियाला त्याच्या नावाचे शेपूट जोडले गेले. म्हणजे एकाच माशाला टेंभुर्णीला एक नाव आणि सुशीच्या बशीत दुसरे. आणि किंमत पुष्कळदा नावावर ठरते. यावरून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नाव देणे हे प्रत्येक वेळी सत्य सांगणे नसते. सुशीगृहाच्या भाषेचे मी वर कौतुक केले, पण ती भाषा लपवूही शकते. विमानाने आलेल्या, साठवणीतल्या, शेतीतल्या माशालाही ती ऋतूचे आणि लाटांचे वलय देऊ शकते.

पण जपानकडून घेण्यासारखा आणखी एक दाखला आहे, आणि तोही या माशाशी निगडित आहे. अकिहितो हे जपानचे पुढे सम्राट झालेले युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. १९६५ साली त्यांनी थायलंडच्या राजाला नाईल टिलापियाचे पन्नास मासे भेट दिले. राजवाड्याच्या तळ्यात ते वाढवून पुढे देशभर दिले गेले. ‘प्ला निन’ या नावाने तो मासा आज थायलंडचे रोजचे अन्न आहे, आणि तो कुठून आला ही कथा तिथे आवडीने सांगितली जाते. त्याआधी १९६० साली त्याच अकिहितोंनी अमेरिकाभेटीत मिळालेले ब्लूगिल मासे जपानला आणले होते. हेतू अन्नाचा होता. प्रत्यक्षात तो मासा पसरला आणि बिवा सरोवरातल्या मूळ माशांवर संकट आले. फुनाझुशीचा निगोरोबुनाही त्यातून सुटला नाही. २००७ साली बिवाकाठच्या ओत्सु शहरातल्या जाहीर समारंभात सम्राटांनी याबद्दल खेद व्यक्त केला. एका माशाविषयी एखाद्या सम्राटाने हळहळ व्यक्त करावी, याचा अर्थ असा की त्या समाजात सरोवराच्या बिघाडाला सार्वजनिक भाषेत जागा आहे. कारण फुनाझुशी नावाचा पदार्थ आहे, त्याचा मासा ठरलेला आहे, आणि तो मासा कमी झाला तर खाणाऱ्याला कळते.

उजनीकाठी नेमके हेच घडत नाही. वाम, मरळ, शिंगटा ही नावे अजून ऐकू येतात, पण ताटात त्यांची जागा आक्रसत गेली तरी गिऱ्हाइकाला त्याची वार्ता नसते. त्याने ‘फिश थाळी’ मागवलेली असते. थाळीत आज काय आणि उद्या काय, याने त्याचे काही बिघडत नाही. नाव नसलेल्या गोष्टीचे नाहीसे होणे कोणाच्या ध्यानात येणार?

या मौनाला साहित्यही जबाबदार आहे. मराठी वाङ्मयातला मासा प्रायः समुद्राचा आहे. सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील यांना आपल्या ललित गद्यात घर मिळाले. देशावरच्या नदीतल्या माशाला ते मिळाले नाही. सोलापूर म्हटले की आपल्या वाङ्मयीन कल्पनेला दुष्काळ आणि वारी दिसते. खुद्द वारीचा भीमेशी संबंध पाहा. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात वारकरी ज्या पाण्यात उतरतात, त्यासाठी उजनीतून पाणी सोडले जाते. माळकऱ्याचे स्नान आणि चिलापीची वाढ एकाच जलाशयावर अवलंबून आहे. या दोन जीवनरीतींत भांडण लावण्याचे कारण नाही. पण एकीचे शब्द आपल्या अभ्यासक्रमात आहेत आणि दुसरीचे नाहीत, एवढे तरी मान्य करावे लागेल.

हे मौन प्राचीनही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, गळ, दोरी, कोणत्या माशाला कोणते आमिष, असा बारीक तपशील त्यात येतो, आणि अन्नाच्या प्रकरणात मासे रांधण्याची कृतीही येते. ही कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेचे बसवकल्याण. दख्खनच्या राजसभेला गोड्या पाण्यातला मासा वर्णनीय वाटत होता. जपानी लेखक तानिझाकी यांनी १९३३च्या आपल्या सावल्यांवरच्या प्रसिद्ध निबंधात योशिनोच्या डोंगराळ मुलखातली, पर्सिमॉनच्या पानात बांधलेली सुशी कृतीसह नोंदवली आहे, आणि तोक्योच्या सुशीपेक्षा तिला अधिक मान दिला आहे. समुद्रापासून दूर असणे म्हणजे माशाच्या संस्कृतीतून बाद होणे नव्हे, हे त्यांना सांगता आले. आपल्याकडे ‘झाडाझडती’सारख्या कादंबरीने धरणग्रस्तांची होरपळ मराठी वाचकासमोर आणली. पण धरणानंतरच्या पाण्यावर जे नवे जगणे उभे राहिले, त्याचे शब्द अजून पुस्तकात यायचे आहेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पोटाचा प्रश्न असणाऱ्या मासेमाराला नावांचा शौक काय कामाचा? याचे उत्तर त्याच काठावर आहे. कंदरच्या परिसरातली केळी आखाती देशांत जातात. त्या केळीची प्रत पाहिली जाते, आकार पाहिला जातो, पेटीवर मजकूर असतो. त्यामुळे शेतकऱ्याला भाव मागता येतो. शेजारच्याच पाण्यातला मासा मात्र किलोवर विकला जातो आणि टोपलीत पडताक्षणी बेवारस होतो. कोणत्या गावच्या पाण्यातला, केवढा, कोणत्या जाळ्यातला, हे कोणी विचारत नाही. बारीक आसाच्या जाळ्यात सापडलेली बोटभर पिले आणि मोठ्या जाळ्यातला पूर्ण वाढीचा मासा यांतला फरक भाषेत उमटला नाही, तर तो भावातही उमटणार नाही. मग सबुरीने मासेमारी करणाऱ्याने कशाच्या जोरावर थांबायचे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या काठाला कथा जोडली की पर्यटनाचा बाजार ती लगेच उचलेल. पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे पळसदेवचे मंदिर पाहा, रोहित पक्षी पाहा आणि मासे खा, अशी बुडालेल्या गावांची जाहिरात होईल. हा धोका खरा आहे आणि काही अंशी ते घडतेही आहे. म्हणूनच ‘इझुमिदाई’चा दाखला दिला. शोभेसाठी दिलेले नाव आणि हिशेबासाठी दिलेले नाव यांत भेद करावा लागेल. हिशेबाच्या नावात गैरसोयीच्या गोष्टीही येतात. पाण्यावरची हिरवी साय येते, जलपर्णी येते, वरच्या शहरांचे सांडपाणी येते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळात उलटून सहा जणांचा बळी गेला, तेही येते; कारण आपल्याला जेवताना खिडकीतून सुंदर दिसणारे हे पाणी काठच्या माणसांचा रोजचा रस्ता आहे. ज्या नावात यातले काहीच मावत नाही, ते नाव फक्त जाहिरातीच्या उपयोगाचे.

मराठीच्या अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम इथे सुरू होते. धरणापूर्वीची वाहती भीमा ज्यांनी जाणत्या वयात पाहिली ती पिढी आता सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. नदीत कोणते मासे होते, त्यांना काय म्हणत, ते केव्हा चढत, कोणत्या जाळ्याला कोणते नाव होते, घरी ते कसे रांधत, हे सांगणारी माणसे अजून भेटतात. आमच्या वर्गांत याच गावांची मुले बसतात. त्यांना प्रकल्पासाठी आपण वर्षानुवर्षे त्याच चार कादंबऱ्यांतली ग्रामीण बोली देतो. त्याऐवजी एकेका गावाचा माशांचा, जाळ्यांचा आणि पाण्याचा शब्दसंग्रह त्यांनी करावा. त्यात ‘चिलापी’ही असावी, आणि तिच्यामुळे मागे पडलेली नावेही.

खाणाऱ्याचाही वाटा आहे, आणि तो अगदी साधा आहे. ‘फिश थाळी’ मागवण्यापूर्वी वाढप्याला विचारावे की, हा मासा कोणता आणि कुठल्या गावच्या पाण्यातला? पहिल्या दिवशी त्याला उत्तर देता येणार नाही. पण दहा गिऱ्हाइके विचारू लागली तर मालकाला माहिती ठेवावी लागेल, मालक बाजारात व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापाऱ्याला टोपलीबरोबर मासेमाराचे गावही लक्षात ठेवावे लागेल.